फरकाचा रकाना

बारावीनंतर शिकायला जिल्ह्याच्या गावी आलेल्या मुलाला वर्षभर जेवायला किती पैसे लागतात? महाराष्ट्रात या प्रश्नाला एक सरकारी उत्तर आहे : २५,००० रुपये. राहायला १२,०००. आणि बाकी सगळ्याला, म्हणजे वह्या, साबण, बसभाडं, रिचार्ज, ताप आला तर औषध, मिळून ६,०००. एकूण ४३,०००. आदिवासी विकास विभागाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतले हे आकडे आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याने बाहेर खोली घ्यावी, मेस लावावी आणि शिक्षण पुरं करावं, म्हणून ही रक्कम हप्त्यांनी त्याच्या बँक खात्यात जमा होते. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर इथल्या गावापाड्यांवरून धुळ्या-जळगावला येणाऱ्या मुलामुलींना हा तक्ता तोंडपाठ असतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेची मांडणीही याच धर्तीची आहे.

शाळा-कॉलेजात वैयक्तिक अंदाजपत्रक शिकवायचं असेल, तर मला वाटतं सुरुवात इथूनच करावी. मुलांना कोरा कागद देऊन ‘तुमचा महिन्याचा खर्च लिहा’ म्हटलं की ती गोंधळतात. इथे मात्र त्यांच्यासारख्याच एका मुलाचं अंदाजपत्रक कुणीतरी आधीच मांडून ठेवलेलं आहे. आधी ते वाचायला शिकावं. वाचता वाचता त्यातून काय काय निघतं, ते बघण्यासारखं आहे.

योजनेत गावाच्या आकारानुसार चार पायऱ्या आहेत. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत जेवणाला ३२,०००, राहण्याला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००, एकूण ६०,०००. महसुली विभागाची शहरं आणि क वर्ग महानगरपालिका इथे २८,०००, १५,००० आणि ८,०००, एकूण ५१,०००. इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी वर सांगितलेले ४३,०००. तालुक्याच्या गावी २३,०००, १०,००० आणि ५,०००, एकूण ३८,०००.

आता प्रत्येक पायरीवर जेवणाचा वाटा एकूण रकमेच्या किती टक्के पडतो, तो काढून बघा. मोठ्या शहरात ५३.३. पुढच्या पायरीवर ५४.९. जिल्ह्याच्या गावी ५८.१. तालुक्याला ६०.५. रक्कम घटत जाते, तसा जेवणाचा वाटा वाढत जातो. चारही पायऱ्यांवर, एकदाही न चुकता. कारणही त्याच तक्त्यात लपलेलं आहे. मोठ्या शहरातून तालुक्याला येईपर्यंत खोलीची रक्कम निम्मी होते, २०,००० ची १०,०००. जेवणाची मात्र जेमतेम २८ टक्क्यांनी उतरते. खोलीचं भाडं गाव बघून ठरतं. ज्वारी, तूरडाळ, तेल यांचा भाव गाव बघून फारसा बदलत नाही आणि भूक तर मुळीच बदलत नाही.

अन्नाच्या वाट्याकडे असं बघणं नवं नाही. १८५७ साली, आपल्याकडे उठाव पेटला होता त्या वर्षी, जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याच्या सांख्यिकी कार्यालयात अर्न्स्ट एंगेल नावाचा अधिकारी बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे घरखर्च चाळत बसला होता. ते खर्च एदुआर द्युकपेत्यो याने दोन वर्षांपूर्वी छापले होते. पाव, बटाटे, कोळसा, कपडे, भाडं अशा रकान्यांच्या त्या तक्त्यांत एंगेलला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. अर्थशास्त्रात हा एंगेलचा नियम म्हणून आजही शिकवतात. माणसांच्या वागण्याविषयी इतके टिकाऊ नियम फार थोडे आहेत, आणि हा सापडला तो लोकांच्या बाजारहाटाच्या हिशेबात. आपल्या देशात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० पासून हेच मोजत आलं आहे. १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारताच्या घरखर्चात अन्नाचा वाटा ५९.४ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो सुमारे ४७ टक्क्यांवर आला; शहरांत ४० च्या जरा खाली.

म्हणजे धुळ्या-जळगावसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलासाठी कागदावर मांडलेलं अंदाजपत्रक पंचवीस वर्षांपूर्वीच्या सरासरी ग्रामीण घरासारखं दिसतं. तुलना अगदी काटेकोर नाही. घरखर्चाच्या सर्वेक्षणात स्वतःच्या घराचं भाडं धरलेलं नसतं, आणि विद्यार्थ्याची तर खोली भाड्याची. पण अंदाज येतो. अकरावीतली मुलगीसुद्धा दोन भागाकार करून इथवर पोचू शकते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पैशाच्या सल्ल्यांत हल्ली ५०-३०-२० चा नियम फार ऐकू येतो : उत्पन्नाचे ५० टक्के गरजांना, ३० हौसेला, २० बचतीला. तो अमेरिकेतून आला. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया यांनी २००५ साली पुस्तकात मांडला, नोकरदार कुटुंबांसाठी. आपल्या विद्यार्थ्याच्या ४३,००० पैकी जेवण आणि खोली मिळूनच ८६ टक्के होतात. उरलेल्या १४ टक्क्यांत हौस आणि बचतच काय, साबणसुद्धा बसवायचा आहे. हा नियम त्याला शिकवला तर तो एकच धडा शिकेल, की आपलं काहीतरी चुकतंय. तसं काही चुकत नाहीये. नियम दुसऱ्या कुणाच्या पगारावर बेतलेला आहे, एवढंच.

आता तक्ता विद्यार्थ्याच्या हातात येतो, आणि पहिलाच प्रश्न पैशाचा नसून काळाचा निघतो. वर्ष किती महिन्यांचं धरायचं? कॉलेजचे दहा महिने धरले, तर जेवणाला महिन्याला २,५०० म्हणजे दिवसाला ८३ रुपये पडतात. बारा महिने धरले तर तेच ६९ वर येतात. उन्हाळ्यात घरी जाणार म्हणून मेसचे दहा महिने धरता येतील. पण खोली कॉट बेसिसवर असेल आणि जूनमध्ये तीच कॉट परत हवी असेल, तर मे महिन्याचंही भाडं मोजावं लागतं. म्हणजे एकाच मुलाच्या एकाच वहीत जेवणाचं वर्ष दहा महिन्यांचं आणि खोलीचं वर्ष बारा महिन्यांचं.

मोबाइलचं वर्ष तर तेरा महिन्यांचं! बहुतेक मासिक म्हणवल्या जाणाऱ्या रिचार्जची मुदत २८ दिवसांची असते, आणि ३६५ ला २८ ने भागलं की १३ येतात. बारा महिन्यांचा हिशेब धरून चाललेल्याच्या वहीत वर्षाकाठी एक रिचार्ज कुठून आला ते कळतच नाही. २०२२ च्या जानेवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने प्रत्येक कंपनीला निदान एक तरी ३० दिवसांची योजना ठेवायला सांगितलं, ते याच तक्रारींमुळे. मेसचा महिना आणखी निराळा. आधी सांगून घरी गेलं तर त्या दिवसांचे खाडे धरतात आणि तेवढे पैसे वळते होतात. न सांगता गेलं तर पूर्ण महिना मोजायचा.

आणि पैसा येतो तो हप्त्याने. मेसवाल्या मावशींना पैसे महिन्याच्या महिन्याला हवे असतात. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात कुणाकडून तरी हातउसने घ्यावे लागतात. वर्षाची बेरीज कागदावर तंतोतंत जुळत असते, आणि तरी एखाद्या मंगळवारी खिशात चहापुरतेही पैसे नसतात. अंदाजपत्रक नवं शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त चकवतं ते हेच. एकूण किती पैसे आहेत हे कळणं सोपं आहे. ते कधी आहेत, हे कळण्यासाठी वही लागते.

खान्देशातल्या मुलांना ही गोष्ट कुणी सांगायला नको. घरात ती रोज डोळ्यांसमोर घडत असते, फक्त कागदावर कुणी मांडून दाखवलेली नसते. बालभारतीच्या नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. दहावीत त्याच नावाचं पुढचं प्रकरण आहे, त्यात वस्तू व सेवा कर, शेअर, म्युच्युअल फंड येतात. शालेय गणितात ही प्रकरणं आली हे फार चांगलं झालं. पण उत्पन्नाची टक्केवारी काढायला शिकताना मुलाच्या मनात जे उत्पन्न उभं राहतं, ते दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारं असतं. भडगाव-पाचोऱ्याच्या किंवा शिंदखेड्याच्या वर्गात किती घरांत असं उत्पन्न येतं? कापसाची लागवड मे-जूनमध्ये. पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमाराला. पैसा हातात येतो तो दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत, आणि तोही कापूस विकायला काढला तर. केळीचं चक्र अकरा-बारा महिन्यांचं. रावेर-यावलकडच्या बागेचा पैसा येतो तो कापणीला, एकरकमी, त्या दिवशी भाव असेल तो. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचं वर्ष तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं : त्या दिवशी वर्षाचा आकडा ठरतो, काही उचल मिळते, आणि मग पुढच्या आखाजीपर्यंत त्याच आकड्यात घर चालवायचं.

एक साधा प्रयोग सांगतो. आडव्या कागदावर बारा चौकटी काढायच्या. पहिली चौकट जानेवारीची नको, आखाजीची घ्यावी. चौकटीच्या वरच्या बाजूला त्या महिन्यात घरात येणारा पैसा, खालच्या बाजूला जाणारा. आकडे खरे लिहिले नाहीत तरी चालतं. पुष्कळ घरांना ते शाळेत उघड करायचे नसतात, आणि शिक्षकांनी मागूही नयेत. नुसत्या लहानमोठ्या रेघा काढल्या तरी चित्र उभं राहतं. बियाणं, खतं, निंदणी, शाळेची फी, वह्यापुस्तकं, कॉलेजचा प्रवेश, खोलीचं डिपॉझिट : खालच्या बाजूच्या सगळ्यात लांब रेघा जून आणि जुलैच्या चौकटीत दाटीने उभ्या राहतात. आणि वरच्या बाजूला त्याच दोन चौकटी जवळजवळ रिकाम्या. मृग नक्षत्र आणि शाळेची पहिली घंटा एकाच महिन्यात येतात. शिक्षण महाग आहे हे आपण ऐकत असतो. कापूसवाल्या घराला ते महाग पडण्याचं एक कारण असं आहे की त्याचं बिल बरोबर त्या महिन्यात येतं, ज्या महिन्यात घरात सगळ्यात कमी रोकड असते. जूनमध्ये काढलेलं कर्ज आणि जानेवारीतच बाजूला काढून ठेवलेली तेवढीच रक्कम, यांच्यातला फरक म्हणजे व्याज. तो खड्डा कागदावर एकदा दिसला की तो कोणत्या महिन्यात भरायचा, हे मुलं आपणहून सांगतात.

अर्थात भविष्याचा अंदाज हा शेवटी अंदाजच. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला १०,००० च्या वर गेला होता. पुढच्या वर्षी तोच भाव पुन्हा येईल म्हणून खान्देशात घरोघरी कापूस ठेवून दिला. खोल्या भरल्या, आणि भाव चढायच्या ऐवजी खाली आला. त्या घरांनी काही वेडेपणा केला नव्हता. हातात होती ती माहिती घेऊन त्यांनी अंदाज बांधला. प्रत्यक्षात वेगळं घडलं.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात पडलेलं हे अंतर म्हणजे अंदाजपत्रकाचा गाभाच. देशाचा अर्थसंकल्प उघडला तर त्यात शेजारी शेजारी रकाने दिसतात : मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा नवा अंदाज. भारताचा पहिला अर्थसंकल्प ब्रिटिश सरकारचा अर्थसदस्य जेम्स विल्सन याने १८६० साली मांडला. पण त्याच्याही आधी पेशव्यांच्या फडात मुलखाच्या जमाखर्चाचे आगाऊ अंदाज मांडले जात आणि वर्ष सरल्यावर आलेला हिशेब त्यांच्याशी ताडून पाहिला जाई. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हा सगळा संसार त्या फडाच्या रोजच्या वापरातला. अशा कागदांच्या शोधात आयुष्य घालवलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आजही उभं आहे. धुळ्याच्या एखाद्या शिक्षकाने वर्गाला तिथे नेऊन जुना हिशेबी कागद दाखवला, तर दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने आणि आपण एकच काम केलं आहे हे मुलांना दिसेल.

विद्यार्थ्याच्या वहीत तीन रकाने पुरतात : अंदाज, प्रत्यक्ष, फरक. जळगावात खोली करून राहणाऱ्या मुलीच्या एका महिन्याचं पान समजा असं आहे. मेस : अंदाज २,४००, प्रत्यक्ष २,१६०. खोली : १,२०० आणि १,२००. रिचार्ज : ३०० आणि ३००. प्रवास : २०० आणि ४६०. झेरॉक्स आणि पुस्तकं : १५० आणि २४०. चहा-नाश्ता : ३०० आणि ४१०. परीक्षेचा अर्ज : अंदाज शून्य, प्रत्यक्ष ९००. किरकोळ : १५० आणि १८०. अंदाजाची बेरीज ४,७००, प्रत्यक्षाची ५,८५०. फरक १,१५० रुपये.

घरी हे पान दाखवलं तर सगळ्यात आधी बोट जाईल चहा-नाश्त्यावर. टपरीवर उभं राहणं कमी कर, असं म्हणतील. पण तिसरा रकाना नीट वाचला तर चहाचा दोष ११० रुपयांचा, म्हणजे एकूण फरकाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. प्रवासात २६० जास्त गेले, कारण ती पोळ्याला घरी जाऊन आली. पण त्याच तीन दिवसांचे खाडे मेसमध्ये धरले गेले आणि तिथले २४० वाचले. म्हणजे घरी जाऊन येणं तिला फक्त २० रुपयांना पडलं! या दोन ओळी वेगवेगळ्या वाचल्या तर एक उधळपट्टी वाटते आणि एक काटकसर. एकत्र वाचल्या तर ती एकच घटना आहे. आणि खरा फरक, १,१५० पैकी ९००, एका अर्जाचा. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या प्रवर्गाचं शुल्क १,००० रुपये होतं, राखीव प्रवर्गाचं ९००. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला असे अर्ज वर्षात तीन-चार तरी भरावे लागतात. कोणत्या महिन्यात, ते आधी ठाऊक नसतं. भरावे लागणार, हे मात्र पक्कं ठाऊक असतं. म्हणजे हा खर्च अचानक आलेला नाही. त्याची तारीख तेवढी अचानक आली. त्याची जागा महिन्याच्या पानावर नाही, बारा चौकटींच्या कागदावर आहे.

अंदाजपत्रकाचं मूल्यमापन म्हणतात ते हे. अंदाज किती चुकला यावर गुण देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. गुण दिले की मुलं प्रत्यक्षाचा रकाना अंदाजाला जुळवून लिहितात, आणि मग ती वही मेलीच. गुण द्यायचेच तर फरक का पडला, याच्या उत्तराला द्यावेत. प्रत्यक्षाचा रकाना भरणं हल्ली सोपंही झालं आहे. २०१६ साली यूपीआय आलं, आणि टपरीवर स्कॅन करून दिलेल्या दहा रुपयांचीही तारीख-वेळेसह नोंद फोनमध्ये राहू लागली. रोजकीर्द आपोआप लिहिली जाते. खतावणी, म्हणजे खात्यांप्रमाणे वर्गवारी, तेवढी हाताने करायची.

बचतीची ओळ आली की खान्देशात भिशी येतेच. तिच्यातलं गणित इतकं सुंदर आहे की ते वर्गात फळ्यावर मांडावं. बारा मैत्रिणी दरमहा प्रत्येकी ५०० काढतात. दर महिन्याला ६,००० जमतात आणि चिठ्ठी निघेल तिला मिळतात. समजा सगळ्यांनाच ६,००० ची शिलाई मशीन घ्यायची आहे. प्रत्येकीने एकटीने साठवलं असतं तर बाराही जणींना बारा महिने थांबावं लागलं असतं. भिशीत पहिलीला मशीन पहिल्याच महिन्यात मिळते, दुसरीला दुसऱ्या, शेवटच्या मैत्रिणीला बाराव्या. सरासरी वाट बघणं बारा महिन्यांवरून साडेसहा महिन्यांवर आलं. शेवटच्या मैत्रिणीचंही काही गेलं नाही. ती एकटी असती तरी बाराव्या महिन्यातच पोचली असती. एक रुपयाचं व्याज नाही, बाहेरून कुणी पैसा घातला नाही, आणि तरी बारापैकी अकरा जणींचा काळ वाचला. तो आला एकमेकींवरच्या भरवशातून. म्हणूनच तो भरवसा मोडला, पहिली चिठ्ठी घेतलेलीने पुढचे हप्ते थांबवले, की हे सगळं गणित कोसळतं, हेही त्याच तासाला सांगायला हवं.

जळगावच्या वर्गात आणखी एक प्रश्न टाकून बघावा : सोनं कोणत्या रकान्यात लिहायचं, खर्चात की बचतीत? सराफ बाजाराच्या गावातली मुलं यावर तास रंगवतील. उत्तर असं, की पावती फोडून दोन्ही रकान्यांत लिहायचं. सोन्याची किंमत बचतीत. घडणावळ आणि ३ टक्के वस्तू व सेवा कर खर्चात, कारण दागिना मोडायला गेलं की ते परत मिळत नाहीत. आणि पैसे ठेवायचे कुठे, हे तर हा जिल्हा फार किंमत मोजून शिकलेला आहे. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींसाठी वर्षानुवर्षं खेटे घातलेली माणसं इथे गावोगाव आहेत. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, ही मर्यादा २०२० च्या फेब्रुवारीपासून आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. व्याजाचा दर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. पण बँक आणि पतसंस्था यांच्यातला हा फरक मुलांना शाळेतच सांगायला हवा. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू द्यायची मोकळीक रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना दिली, म्हणजे पाचवी-सहावीतल्या मुलालासुद्धा हा धडा प्रत्यक्ष खात्यावर गिरवता येतो.

या सगळ्यात एक गोष्ट निसटते, आणि ती फार महत्त्वाची आहे. फरकाचा रकाना दर महिन्याला एकाच बाजूला पडत असेल, जेवणाच्या ओळीत दर वेळी २०० कमीच पडत असतील, तर दोष खर्च करणाऱ्याचा असेलच असं नाही. दिलेली रक्कमच अपुरी असू शकते. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात देण्याचा निर्णय झाला, महिन्याला ३,००० ते ३,५०० रुपये. त्याविरोधात जुलै २०१८ मध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे वेळेवर येतील का, तेवढ्यात दोन वेळचं धड जेवण होईल का, अभ्यास करायचा की डबा शोधत फिरायचं, असे त्यांचे प्रश्न होते. मला ते अंदाजपत्रकाचं मूल्यमापनच वाटतं, आणि उत्तम दर्जाचं. काटकसर शिकवणं आणि रकमेवर प्रश्न विचारायला शिकवणं, ही दोन्ही कामं त्याच वहीची आहेत.

असा प्रश्न एकट्याच्या वहीने विचारता येत नाही. पुष्कळ वह्या एकत्र याव्या लागतात. मुंबई इलाख्याच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये मुंबईतल्या कामगार कुटुंबांचे घरखर्च गोळा केले, जी. फिंडले शिरास यांचा त्यावरचा अहवाल १९२३ ला निघाला. तांदूळ किती, रॉकेल किती, भाडं किती, गावी किती पाठवलं, हे घरोघर विचारून मिळालेले आकडे होते ते. अशा घरखर्चांतून कोणत्या वस्तूला किती वजन द्यायचं ते ठरतं, त्यावरून राहणीमानाच्या खर्चाचा निर्देशांक बनतो, आणि त्या निर्देशांकावर महागाई भत्ता बेतला जातो. गिरणीचं गाव म्हणून जळगावसाठीही असा स्वतंत्र निर्देशांक निघू लागला. कुणा कामगाराच्या बायकोने उंबऱ्यात उभं राहून सांगितलेला तेला-मिठाचा खर्च शेवटी साऱ्या गिरणीच्या पगारात उतरायचा!

वह्या एकत्र आणणं वर्गातही जमतं. नववीच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ संपलं की पान उलटल्यावर पुढचंच प्रकरण ‘सांख्यिकी’चं आहे. तिथे वारंवारता सारण्या आणि मध्यक शिकवायला बाहेरून आकडे आणायची गरज नाही. वर्गातल्या चाळीस वह्या गोळा कराव्यात, नावं झाकावीत, आणि ‘प्रवास’ ही एकच ओळ फळ्यावर उतरवावी. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत असतो, मुलांना ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो; म्हणजे सारणीत दोन ढीग पडायला हवेत, मुलींचा शून्याजवळ आणि मुलांचा त्याच्या वर. मुलींचा ढीग शून्यापासून लांब पडला, तर त्यांच्या गावाला शाळेच्या वेळेत एसटी येत नाही आणि त्या पैसे मोजून काळीपिवळीने येतात, हे त्या फळ्यावर दिसेल. कोणत्या गावाला किती वाजता गाडी हवी, हे आगारप्रमुखांना लिहायच्या अर्जाला तेवढी एक सारणी जोडली की पुरे.